मेयर : एम, ई, वाय, ई, आर

मेयरसाहेबांना राग यायला मोठं कारण लागत नसे. एक अक्षर पुरायचं. ईच्या जागी ए आला किंवा वायच्या जागी आय आला, की त्यांचा मुळातच लाल चेहरा बीटासारखा व्हायचा आणि सबंध ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ते स्पेलिंग म्हणून दाखवायचे. "एम! ई! वाय! ई! आर! यात कठीण काय आहे?"

एकदा शारजाच्या एका व्हेंडरने बोल्टच्या टेस्ट सर्टिफिकेटबरोबर त्यांना मेल पाठवला. नावात ईऐवजी ए. साहेबांनी उलट कळवलं, 'या नावाचा माणूस आमच्याकडे काम करत नाही.' व्हेंडर घाबरला. त्याने पुन्हा पाठवलं, या वेळी वायच्या जागी आय घालून. उत्तर गेलं, 'हाही नाही.' तोवर बोल्टांचा ट्रक अबुधाबीजवळच्या मुसाफातल्या आमच्या यार्डाच्या गेटवर उन्हात उभा, आणि मी खरेदी खात्यातला असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला.

त्यांचं पहिलं नाव मी इथे सांगणार नाही. आडनाव बिनधास्त सांगतो, कारण त्यावरून कुणाचीच ओळख पटणार नाही. ते स्वतःच म्हणायचे, "आमच्या स्ट्रासबुर्गच्या बाजारात 'मेयर' म्हणून हाक मार. अर्धा बाजार मागे वळून बघेल."

आमची कंपनी स्टील फॅब्रिकेशनची. साहेब क्वालिटीचे मुख्य. साठी ओलांडलेली, टक्कल, पांढऱ्या भुवया, आणि खिशात कायम वेल्डिंगचं माप घ्यायची गेज. राहायचे मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे मी त्यांच्या गाडीतून यार्डात जायचो. सकाळी हॉर्न वाजायचा आणि खिडकीतून हाक यायची, "होप्ला! यल्ला, कझन!" यल्ला, म्हणजे चल, इथला अरबी, होप्ला त्यांच्या गावचा. आल्सासमध्ये, म्हणजे फ्रान्स आणि जर्मनीच्या मधल्या त्यांच्या मुलखात, पाय घसरला तरी होप्ला म्हणतात आणि ग्लास भरला तरी होप्लाच.

आणि कझन का, तर त्याचीही गोष्ट आहे. मी रुजू झालो त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पाटील? म्हणजे काय?"

मी म्हटलं, "गावाचा प्रमुख. सारा गोळा करणारा, भांडणं मिटवणारा."

ते एकदम ताठ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवत म्हणाले, "म्हणजे तू मेयर आहेस!"

मग अर्धा तास त्यांनी मला त्यांचं आडनाव समजावलं. मूळ शब्द लॅटिन, 'मोठा' या अर्थाचा. जमीनदाराची जमीन सांभाळणारा, कुळांकडून धान्य वसूल करणारा, शेताच्या बांधावरून भांडणं झाली तर मधे पडणारा माणूस म्हणजे मेयर. पुढे हुद्दा गेला, नाव राहिलं. असा माणूस गावोगावी होता, म्हणून हे आडनावही गावोगावी. कुठे ते ई-आय घालून लिहितात, बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे ए घालून, काही जण शेवटचा ईच गिळून टाकतात. आल्सासमध्ये ई-वाय-ई-आर. ज्यू मेयर निराळे. त्यांचं नाव हिब्रूतून आलेलं, 'प्रकाश देणारा' अशा अर्थाचं. साहेबांच्या गावात दोन्ही मेयर शेजारी शेजारी राहायचे. "ते मेयर युद्धानंतर परत आले नाहीत," एवढंच ते म्हणाले आणि खिशातली गेज काढून उगाच माझ्या टेबलाची कड मोजू लागले.

उच्चाराच्या बाबतीत मात्र ते उदार होते. त्यांची आजी 'मायर' म्हणायची, शाळेतले फ्रेंच मास्तर 'मेयेर' म्हणायचे, यार्डातली पोरं 'मेयरसाब'. सगळं चालायचं. "उच्चार तुमच्या जिभेचा. अक्षरं माझी," ते म्हणायचे. कुणी विचारलं, सर, तुम्ही जर्मन की फ्रेंच, तर उत्तर ठरलेलं. "आमच्या घराचा दरवाजा जिथल्या तिथे होता. देश येऊन-जाऊन बदलत होते. मी मेयर."

माझ्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा घरी जेवायला आले तेव्हा तिला नाव विचारलं. ती इथल्या शाळेतली, तोंड वाकडं करून म्हणाली, "इरा पॅटल." साहेबांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "पॅटल कोण? पा-टी-ल. ते तुझ्या माणसांनी कमावलेलं आहे. चुरगळू नकोस." ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ही इज सो वीअर्ड." बायको हसली. मी हसलो नाही. शिक्षकांना जमत नाही म्हणून मुलीचं आडनाव मीच शाळेत पॅटल होऊ दिलं होतं, आणि एका परक्याला त्याचा राग आला होता.

तर आमच्या कंपनीत पाटील सहा होते. मी पुण्याचा, अकाउंट्समधले एक जळगावचे, बाकीचे चौघे खाली यार्डात, वेल्डर आणि फिटर. पाटलांचा गोंधळ होतो म्हणून ॲडमिनने आम्हाला नंबर दिले. पाटील वन, पाटील टू, असे सहापर्यंत. मी टू. वर ऑफिसात ते नुसतं बोलण्यात होतं, खाली मात्र हेल्मेटवर स्टिकर लावले. माणसाच्या कपाळावर, अक्षरशः.

ही अक्कल कुणा परदेशी माणसाची नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. ॲडमिनचे मॅनेजर आपलेच, मराठी, मुंबईचे. दर वर्षी गणपतीला सगळ्यांना घरी बोलावणारे. साहेबांनी त्यांना विचारलं, "यांना आईबापांनी दिलेली नावं नाहीत का?"

"सर, इट्स जस्ट फॉर द सिस्टीम."

"माझ्या गावात घरटी मेयर होते. बेकरीवाला मेयर, पुलाजवळचा मेयर, लंगडा मेयर. आम्ही कधी कुणाला नंबर दिला नाही. नंबर बाहेरून येणाऱ्यांनी दिले."

मॅनेजर हसून म्हणाले, "सर, ते वेगळं." काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही.

साहेबांनी त्यावर मेलमागून मेल लिहिले. शिवाय रोज सकाळी वेल्डिंगच्या शेडमध्ये जाऊन प्रत्येकाला पूर्ण नावाने हाक मारायला सुरुवात केली, बापाच्या नावासकट. "बोंजूर, तानाजी शंकर पाटील. बोंजूर, विलास दामोदर पाटील." दामोदरचा 'र' घशातून गुळणी केल्यासारखा यायचा आणि पोरं हसायची. विलास तर मुद्दाम हात कानामागे नेऊन म्हणायचा, "साब, फिर से." हा विलास पेणजवळच्या खेड्यातला, लग्न व्हायचं होतं, आणि साहेबांच्या मते यार्डातला सगळ्यात सरळ वेल्ड त्याचा. तानाजी शिराळ्याकडचा, बायको आणि एक मुलगी गावाला. दोघे एकाच खोलीत राहायचे.

पुढे तीन नंबरचे पाटील नोकरी सोडून गावी गेले. मधे रिकामा नंबर नको म्हणून ॲडमिनने खालच्या सगळ्यांना एकेक नंबर वर सरकवलं. तानाजी चारचा तीन झाला. विलास पाचाचा चार झाला. हेल्मेटवरचे स्टिकर बदलले. ऑफिसातल्या कंप्युटरमध्ये घरच्यांचे फोन नंबर मात्र जिथे होते तिथेच राहिले. तिथे 'पाटील फोर' म्हणजे अजून तानाजीच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळच्या शिफ्टला क्रेनचा पट्टा निसटला आणि बीम विलासवर आला.

तानाजीनेच त्याला उचललं. अॅम्ब्युलन्समध्ये तोच बरोबर गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी, फोन लॉकरमध्येच राहिला. दुपारच्या आत विलासने हॉस्पिटलमध्ये प्राण सोडला. खाली यार्डात शेवटच्या हेल्परलाही माहीत होतं की विलास गेला. पण ही बातमी जिना चढून वर ऑफिसात पोचली ती 'पाटील फोर' म्हणून. ॲडमिनमधल्या एका माणसाने कंप्युटर उघडला, पाटील फोरच्या घरचा नंबर काढला आणि हिंदीत सांगून टाकलं, "भाभीजी, पाटील एक्सपायर हो गया." फोन ठेवला. जेवायला गेला. खाली येऊन एकदा विचारायचं नाही? पूर्ण नाव एकदा उच्चारायचं नाही? 

तानाजी संध्याकाळी हॉस्पिटलमधून परत आला. लॉकर उघडला तर गावाकडचे कितीतरी मिस्ड कॉल. त्याला वाटलं, विलासचं कळलं असेल. त्याने बायकोला फोन लावला.

"साहेब," तो मला नंतर म्हणाला, "बायकोनं माझा आवाज ऐकला अन् फोन खाली टाकला. परत लावला तर मेव्हण्यानं उचलला. मेलेल्या माणसाच्या फोनवरनं मस्करी करतोस व्हय म्हणून मला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. मी म्हणतोय मी तानाजी, मी जित्ता हाय, ऐकायलाच तयार न्हाई. शेवटाला व्हिडिओ कॉल केला. घरात ही माणसं गोळा झालेली. अन् तिच्या हातात बांगड्या न्हवत्या, साहेब. कपाळ मोकळं."



मेयरसाहेब त्या दिवशी रुवैसला क्लायंटच्या साइटवर होते. बातमी कळताच निघाले आणि थेट ॲडमिनच्या केबिनमध्ये शिरले. मी तिथेच होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "विलासच्या आईला कुणी सांगितलं?"

 मॅनेजर म्हणाले, "सर, थोडं मिक्स-अप झालंय. प्रोसेस चालू आहे."

साहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. मॅनेजरांच्या टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "तानाजीच्या बायकोला फोन कर. तू स्वतः. तुझी भाषा आहे ती."

"सर, हे एचआरने करायला..."

"आत्ता."

मॅनेजरांनी फोन लावला. मराठीतच बोलले, पण कसं? "वहिनी, आमच्याकडून थोडी टेक्निकल चूक झाली. सॉरी हं." पलीकडून बाईचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. "सॉरी म्हंजी काय वो? माझं कुक्कू मी माझ्या हातानं पुसलं. माझ्या पोरीनं बघितलं. तिला काय सांगू, टेक्निकल म्हणून सांगू?" मॅनेजरांनी फोन कानापासून लांब धरला. साहेबांना शब्द कळत नव्हते. त्यांनी मॅनेजरांचा हात धरून रिसीव्हर परत त्यांच्या कानाला लावला आणि बाईचं बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. आठवड्याने कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. मॅनेजरांनी माइकवर "अवर डिअर कलीग मिस्टर पाटील" अशी सुरुवात केली. मागून साहेबांचा आवाज आला, "कुठले?" मॅनेजर थांबले. "पूर्ण नाव घे." "विलास पाटील." "पूर्ण." मॅनेजरांना वडिलांचं नाव माहीत नव्हतं. साहेबांनी मागूनच सांगितलं आणि मॅनेजरांना ते तीन वेळा म्हणायला लावलं, शाळेतल्या मुलासारखं. मालकांपैकी एक जण तिथे बसले होते. त्यांना ते आवडलं नाही. वर साहेबांनी ॲडमिन खात्याच्या कारभारावर क्वालिटीचा रीतसर आक्षेप नोंदवला, खराब वेल्डवर नोंदवतात तसाच. तो 'कारवाईची गरज नाही' असा शेरा मारून बंद झाला. दोन महिन्यांनी साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण दिलं रिस्ट्रक्चरिंगचं. मॅनेजर अजून तिथेच आहेत. यंदाही त्यांच्याकडे गणपती बसला. मी गेलो नाही. तानाजीने अपघात झाला त्याच महिन्यात राजीनामा दिला. जाताना म्हणाला, "पोरगी फोनवर इस्वास ठेवत न्हाई आता. हात लावून बघायचंय म्हणती."

पण मला साहेब आठवतात ते त्या शोकसभेतले नाहीत.

विलासच्या घरी फोन अपघाताच्याच संध्याकाळी मी केला. साहेब म्हणाले, "हे काम कंपनीचं आहे, पण कंपनीला तोंड नाही. तू कर." मी बोलत होतो तेवढा वेळ ते हेल्मेट काखेत धरून बाजूला उभे होते. धाकट्या भावाने फोन घेतला, मग आईने.  नुसता श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. आवाज वेगळाच होता, जवळजवळ उत्साहाचा. शिराळ्याला तानाजीच्या घरी झालेला प्रकार रात्रीतून तिच्यापर्यंत पोचला होता.

"साहेब, तुमी आदी दुसऱ्याच घरी सांगितलंव ना?"

"हो, मावशी. चूक झाली."

"मंग यकदा चुकलं तं दुसऱ्यांदा पन चुकल ना? तुमचे तिथं पाटील जाम हायत."

मी म्हटलं, "मावशी, तानाजी त्याच्याजवळ होता. शेवटपर्यंत."

"तो तानाजीच मेला म्हून सांगितलंव ना तुमी? तो जिता निंगाला. मंग माझा का नाय निंगनार?"

 आमच्याच माणसांनी त्या बाईच्या हातात ही आशा कोंबली होती. तिचा मुलगा गेला होताच. वर तिला आता त्याची वाट बघायला लावली होती. मी एवढंच म्हणालो की मी स्वतः खात्री करून सांगतो. ती म्हणाली, "त्याचे डावे भुवयीत खाच हाय. ल्हानपनी होडीवरशी पडला व्हता. ती बगा. ती नसली तं तो माझा नाय."

मी हे साहेबांना सांगितलं.  त्यांनी गाडीची किल्ली उचलली. त्या दिवशी यल्ला नाही, होप्ला नाही.

हॉस्पिटलच्या रस्त्यावर त्यांनी मला त्यांच्या काकांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात आल्सास जर्मनांनी घेतलं तेव्हा तिथल्या पोरांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलं. साहेबांच्या वडिलांचा थोरला भाऊ त्यात गेला आणि रशियनांच्या कैदेत सापडला. युद्ध संपलं, कैदी परत यायला लागले. एके दिवशी गावात निरोप आला की उद्याच्या गाडीने मेयर येतोय. आजी पाव आणि स्वच्छ शर्ट घेऊन स्ट्रासबुर्गच्या स्टेशनावर गेली. गाडीतून मेयर उतरला. दुसरा. पहिलं नावही तेच, आडनावही तेच, गाव वेगळं. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. आजीने त्याला पाव दिला, शर्ट दिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. माझा काका आला नाही. पण आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, एक चुकून आला, म्हणजे दुसरा चुकून तिकडे राहिला असणार. मी लहान होतो तेव्हा ती मला घेऊन स्टेशनावर जायची. आईस्क्रीम द्यायची आणि गाड्या बघत बसायची." सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजले. "तिला कुणी सांगितलंच नाही, कझन. इतकी सरकारं आली आणि गेली, एकालाही वाटलं नाही की जाऊन त्या बाईला सांगावं."

शवागारात एकालाच आत सोडत होते. कंपनीची सरकारी कामं करणारा पीआरओ आला होता, ओळख पटवायचं काम त्याचं. त्याने विलासला जन्मात पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्याला बाजूला केलं आणि काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "मी रोज सकाळी त्याला भेटत होतो. मी जातो."

मी बाहेर बाकावर बसलो. एवढ्यात फोन वाजला. पेणहून. आईच. मी उचलला आणि म्हणालो, "मावशी, थांबा, आमचे साहेब आत गेलेत बघायला." ती थांबली. तिच्यामागे घरात माणसं बोलत होती, तिने त्यांना गप्प केलेलं मला ऐकू आलं.

दरवाजा उघडला. साहेब बाहेर आले.  माझ्यासमोर उभे राहिले, उजव्या हाताचं बोट उचललं आणि स्वतःच्या डाव्या भुवईवरून आडवं ओढलं.

फोनमधून आवाज आला, "साहेब? हाय का खाच?"

"आहे, मावशी," मी म्हणालो.